कॉलरच्या आतली लाल खूण

कडकमावशीला माणसं वासावरून कळायची. यात बढाई नाही, धंदाच तसा. चाळीस वर्षं लोकांचे मळके कपडे उपसल्यावर माणसाच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही. कोण आजारी आहे, कोण दुसऱ्याच घरी झोपून आला, कोण भ्यालाय, सगळं शेवटी टाकीतच येऊन पडतं. भीतीचा घाम आंबट असतो असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे माणसांबद्दल तिला फारसा आदर नव्हता, आणि आहे असं तिने कधी दाखवलंही नाही. 'कडक' हे नाव खळीमुळे पडलं असं ती सांगायची. गिऱ्हाईकं म्हणायची, जिभेमुळे.

धुलाईघर तिच्या बापाचं. पुढे काउंटर आणि गाठोड्यांची मांडणी, मागे तीन सिमेंटच्या टाक्या, तांब्याची भट्टी, आणि माडीवर वाळवणाची लांबलचक खोली. परसात विहीर. बापाने मरताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, रक्ताला गरम पाणी लावायचं नाही. दुसरी, दारात आलेलं गाठोडं परत पाठवायचं नाही. आपण मळ बघायचा, माणूस बघायचा नाही. पहिली गोष्ट सोपी होती. दुसरीपायी तिने खुन्यांचे, सावकारांचे आणि स्वतःच्या सासूचे कपडे धुतले.

नवरा लवकर गेला, छातीच्या दुखण्याने. एक मुलगी. एक धाकटा भाऊ, त्याला तिने टाकीवर राबून शिकवला, तो शाळामास्तर झाला. लहानपणी तो याच काउंटरखाली बसून खुणा लावायला शिकला होता. प्रत्येक कपड्याच्या कॉलरच्या आत दोऱ्याने गिऱ्हाइकाची छोटी खूण घालायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. मास्तर झाल्यावर तो मात्र धुलाईघरात येताना नाकाला रुमाल लावायला लागला. मावशीला त्या रुमालाचा राग यायचा. तोही तिनेच धुतलेला असायचा.

मग परकी फौज आली. का आली ते रेडिओवर सांगितलं गेलं: वरचे आणि खालचे एकमेकांचे गळे धरतायत, ते सोडवायला. वरचे म्हणजे डोंगराकडचे, खालचे म्हणजे नदीकडचे. गावाबाहेर छावणी पडली आणि छावणीच्या धुण्याचं काम मावशीकडे आलं. पहिलंच गाठोडं सोडलं तेव्हा तिला ओकारी आली. मोज्यांना असा वास होता की टाकी तीनदा धुवावी लागली. "जग सुधारायला निघालेत," ती मुलीला म्हणाली, "आधी पाय धुवा म्हणावं."

छावणीत गावातली बासष्ट माणसं कामाला लागली. स्वयंपाकी, झाडूवाले, एक माळी, आणि कोठारात कारकून म्हणून मावशीचा जावई. छावणीच्या कपड्यांच्या साहेबाने नियम काढला की या कामगारांच्या घरातला प्रत्येक कपडा, चादरी-उश्यांसकट, छावणीच्याच गाठोड्यात धुवायला आला पाहिजे. कारण विचारलं तर म्हणाला, "उवा. तुमच्या लोकांच्या घरातून उवा येतात, मॅडम."

आठवडाभराने मावशीने कागदाची पुडी त्याच्या टेबलावर ठेवली. "ह्या उवा. तुमच्या तिसऱ्या तुकडीच्या बनियनमधल्या. कामगारांच्या कपड्यांत एकही मिळाली नाही, मिळाली तर कळवेन." साहेब लाल झाला, नियम मात्र तसाच राहिला. गावाचे आणि छावणीचे कपडे मिसळू नयेत म्हणून मावशीने युक्ती काढली. गावाची खूण निळ्या दोऱ्याने, छावणीची लाल दोऱ्याने: एक बारीक गोल आणि त्याला शेपूट. दोरा इतका पक्का की भट्टीत शंभर वेळा उकळला तरी हलणार नाही. त्या टाक्याचा तिला मोठा अभिमान होता. अकरा वर्षांत बासष्ट घरांतली एकूण एक चादर, झबलं आणि शर्ट आतून लाल गोलाचा झाला. बाहेरच्या कुणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. विचारायला कोण येतंय धोब्याच्या खुणेबद्दल?

अकरा वर्षांनी रेडिओवर वाद सुरू झाला: फौजेने जावं की राहावं. दूरच्या कुठल्यातरी सभागृहात लोक उभं राहून बोलायचे, आणि तेच इथे मावशीच्या इस्त्रीच्या टेबलाशी चालायचं. सुट्टीच्या दिवशी भाऊ आणि जावई दोघं यायचे, चहा प्यायचे आणि भांडायचे.

"गेलेच पाहिजेत," मास्तर म्हणायचा. "दुसऱ्याच्या बंदुकीखालची शांतता ही शांतताच नव्हे. ते गेले की आपण आपापसात बसून मिटवू."

"कोण मिटवणार, मामा? तुम्ही?" जावई म्हणायचा. "ते गेले की आठ दिवसांत वरचे खाली उतरतील. मग आमच्यासारख्यांना कोण विचारतो? भिंतीशी उभे करतील."

"छावणीचं मीठ बोलतंय."

"आणि तुमचं काय बोलतंय? फळ्यावरचा खडू?"

दोघांनी मग मावशीकडे बघायचं. ताई, तू सांग. आई, तुम्ही सांगा. एकदा तिने इस्त्री आपटून उभी केली. "परक्यांनी भट्टी पेटवायची, लोकांचे कपडे आत टाकायचे आणि मग म्हणायचं, आम्हाला घराची आठवण येते. याला काय म्हणतात रे मास्तर, तुमच्या पुस्तकात? आणि जावईबापू, अकरा वर्षं होते ना ते? काय विझवलं त्यांनी? इकडे आड, तिकडे विहीर, आणि तुम्ही दोघं मला विचारताय पाणी कुठलं गोड! चहा प्या आणि उठा, मला शंभर शर्ट आहेत."

खरं सांगायचं तर तिला दोघांचंही पटायचं, आणि त्याचाच जास्त वीट यायचा.

जायचं ठरलं. तिकडच्या सभागृहात हात वर झाले आणि इकडे साहेब धावत आला. निरोपाचं संचलन होणार, आठशे गणवेश पाहिजेत, खळ घालून, चार दिवसांत. "मॅडम, सगळं जग बघणार आहे."

"काय बघणार आहे? इस्त्री?"

तो हसला. या लोकांना हसायला फार लवकर यायचं. जाताना तिला दोन मोठी धुलाईयंत्रं द्यायचं त्याने कबूल केलं. वर्षापूर्वी अशी चौदा यंत्रं आली होती. बसवायला येणारा माणूस आलाच नाही, ती खोक्यांतच होती. मावशीने आठशे गणवेश उभे राहतील असे कडक केले. पाचव्या दिवशी जावयाला घेऊन यंत्रं आणायला गेली, तर पटांगणात आठ सैनिक घणाने ती चौदाच्या चौदा यंत्रं फोडत होते. तिनेच इस्त्री केलेल्या गणवेशात.

"वरून हुकूम आहे," साहेब म्हणाला. "चुकीच्या हातात पडायला नकोत."

मावशीने आपले हात पुढे केले. सोड्याने सालं निघालेले, बोटांची पेरं फुगलेली. "हे का चुकीचे हात?"

साहेबाने त्या हातांत एक कागद ठेवला. सोनेरी किनार, खाली सही. 'शांतता कार्यातील मोलाच्या सहकार्याबद्दल.' तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच, फक्त यांची पानं सोनेरी होती. घरी येऊन तिने तो कागद भट्टीखाली सारला. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: जाण्याआधी त्यांनी कामगारांची यादी जाळून टाकली. आमच्याबरोबर चला असं बासष्टांतल्या एकालाही म्हणाले नाहीत, पण यादी जाळली. दगडापेक्षा वीट मऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेवटची गाडी गेली. चौकात लोक नाचले. मास्तर गळ्यात हार घालून बोलला, आणि चांगलं बोलला, मावशीच्याही डोळ्यांत पाणी आलं. नंतर तिला त्या पाण्याचीही शिसारी आली.

जावयाने आठ दिवस म्हटलं होतं, सहाच लागले. वरचे उतरले, खालच्यांशी तीन दिवस गल्लीगल्लीत लढले आणि गाव त्यांनी घेतलं. नळ फुटले. विहीर फक्त मावशीकडे, त्यामुळे सगळ्या गावाचं धुणं तिच्याकडे यायला लागलं, वरच्यांच्या बंदूकवाल्यांचंसुद्धा. त्यांनी समिती नेमली आणि गावातला शहाणा माणूस म्हणून मास्तरला तीत घेतलं. आपापसात बसून मिटवणारे ते हेच. मुलगी आणि जावई घर सोडून मावशीच्या माडीवर राहायला आले. जावई दिवसभर वाळत्या चादरींच्या मागे बसून असायचा.

गाव पडल्यापासून नवव्या दिवशी माळ्याची बायको आली. माळी म्हणजे छावणीत गुलाबाला पाणी घालणारा, बंदुकीचा आवाज झाला की खाली बसणारा माणूस. बाईच्या हातात एक विटका निळा शर्ट होता. पुलाच्या कठड्यावर तो टांगलेला होता, माणूस खाली नदीत सापडला.

"धुऊन देता का," ती म्हणाली. "मुलाला होईल."

मावशीने गार पाणी घेतलं, मीठ घातलं आणि शर्ट बुडवला. कॉलर चोळताना तिचा हात थांबला. लाल दोरा तिथे नव्हता. माळ्याने तो कधीतरी सुईने टाका टाका करून उसवला होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार, झालं. पण शर्ट अकरा वर्षं धुतलेला. सगळं कापड विटलं होतं आणि दोऱ्याखालची जागा तेवढी कोरीच्या कोरी राहिली होती. निळसर गडद गोल आणि त्याला शेपूट, उजेडात धरलं की स्पष्ट. मावशीच्या पक्क्या टाक्याची करामत.

आणि कॉलर उलटी दुमडलेली होती. कुणीतरी मुद्दाम तिथे बघितलं होतं.

लाल गोलाचा अर्थ कामगारांच्या आणि मावशीच्या घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होता, काउंटरखाली बसून खुणा शिकलेल्या तिच्या भावाला. मावशी तशीच ओल्या हाताने शाळेत गेली. समिती तिथेच बसायची.

"मी फक्त रीत सांगितली," मास्तर म्हणाला. त्याने तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं. "यादी नाही, हे लोक बाहेरचे, कुणाला ओळखत नाहीत. दिसेल त्याला धरत होते, ताई. मी म्हटलं, निदान निरपराध तरी सुटतील. निळी खूण असेल त्याला सोडा, असं सांगितलं मी."

"आणि लाल असेल त्याला?"

"ते मी ठरवत नाही. मी पुलावर गेलोसुद्धा नाही. आणि जावईबापूंची काळजी करू नकोस, त्यांचं मी बघतो."

"बाकीच्या साठांचं?"

"हळू बोल. परवापासून घराघरांत बघणार आहेत. कपाटं, दोऱ्या, सगळं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती. आता ती तिलाच लागू पडली. याला आपण टाकीवर राबून अक्षरं शिकवली, हा विचार येऊन तिला इतकी घाण वाटली की वाटेत ती दोनदा थुंकली.

घरी येऊन तिने दुकानाची फळी अर्धी ओढली आणि मुलीला खाली बोलावलं. जावई मागोमाग आला. "आई, सगळ्या कामगारांच्या घरी निरोप पाठवू. दोरे काढून टाका म्हणून."

"माळ्याने तेच केलं." तिने त्याला कॉलर दाखवली. "काढून भागत नाही, जावईबापू. म्हणून आता घालायचं."

मांडणीवर साऱ्या गावाची गाठोडी होती. सावकाराची, डॉक्टरची, खालच्यांची, वरच्यांची, समितीची. मावशीने लाल दोऱ्याची रिळं काढली, तिघं जमिनीवर बसली आणि प्रत्येक कॉलरमध्ये, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात, निळ्या खुणेशेजारी एक बारीक गोल आणि शेपूट घालत सुटली. जावयाचे गोल अंड्यासारखे यायचे. "कोठारात काय शिकलात अकरा वर्षं?" मावशी म्हणाली, आणि त्याला सुया ओवायला बसवलं. नवा दोरा भडक दिसतो म्हणून सगळं सोड्यात उकळून काढलं. दोन दिवसांत गावातलं बहुतेक प्रत्येक घर लाल झालं आणि कपडे ज्याचे त्याला घरपोच गेले. गिऱ्हाईकं म्हणाली, यावेळी मावशीने लवकर दिलं.

मास्तरचे सहा शर्ट शेवटी हातात आले. मुलीने आईकडे बघितलं. "मामाचे राहू देत ना. त्याच्यावर संशय येईल."

मावशीने पहिल्या शर्टाची कॉलर उलटी केली. त्याची निळी खूण बोटाने चाचपली. मग तिने सुई घातली.

झडती मास्तरच्याच गल्लीपासून सुरू झाली, कारण तिथे काही सापडणार नाही याची त्याला खात्री होती आणि रीत नीट दाखवता येणार होती. पहिल्या घरात लाल. दुसऱ्यात लाल. सावकाराकडे लाल, म्हाताऱ्या विधवेच्या उशीला लाल. वरच्यांचा म्होरक्या चिडत गेला. कुणीतरी मास्तरचं कपाट उघडलं, सहाही शर्ट लाल. मग एका बंदूकवाल्याने गंमत म्हणून म्होरक्याचीच कॉलर मागून उलटली आणि त्याचं हसू तिथेच थिजलं. म्होरक्याने भर गल्लीत, शाळेतल्या पोरांसमोर, मास्तरच्या कानाखाली वाजवली. "आम्हाला येडं समजतो काय? धोब्याच्या दोऱ्यावरून माणसं मारायला लावतो?" जणू काही माळ्याला मास्तरच्या दोऱ्याने मारलं होतं, यांच्या गोळीने नव्हे. झडती थांबली. समितीतून मास्तरला हाकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुलाईघरात आला. बाप बसायचा त्या स्टुलावर बसला. गाल सुजलेला, नाकाला रुमाल नाही. माडीवर जावयाची पावलं वाजायची थांबली.

"हे तू केलंस, ताई."

"हो."

"मी त्यांना सांगू शकतो."

"सांग. पुन्हा शिकव त्यांना कॉलरवरून. दुसरा गाल आहे अजून."

त्याला आता कुणी खरं मानणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. मग त्याने अंगातला शर्ट काढून तिच्यापुढे धरला. "हे काढून दे. पोरं हसतात."

बनियनमध्ये तो फार लहान दिसत होता. छातीच्या फासळ्या बापासारख्या. मावशीचं मन विरघळलं, खोटं कशाला बोला. रक्त होतं तिचं. तिने बारीक कात्री घेतली, चष्मा लावला, कॉलर उलटी केली. "बस जरा. नवा दोरा आहे, चार धुण्यांचासुद्धा नाही. काढला की काही दिसायचं नाही."

"दिसतं गं," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "माळ्यानेही काढलाच होता. तरी उजेडात धरल्यावर गोल दिसतच होता ना."

कात्री थांबली.

"कुणी धरलं उजेडात?"

मास्तरने परसाकडे तोंड वळवलं. विहिरीवरचा रहाट तेवढा कुरकुरत होता.

"कुणी धरलं, मी विचारतेय."

"त्यांना सापडत नव्हतं," तो म्हणाला. जमिनीकडे बघत, फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा. "दोरा नाही म्हणून ते सोडतच होते त्याला."

मावशी उठली. मांडणीवर मास्तरचं या आठवड्याचं गाठोडं होतं, चादरी, पँटी, रुमाल, अजून न धुतलेलं. ते तिने उतरवलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. वर तो शर्ट ठेवला, अर्धा गोल उसवलेला.

"घेऊन जा."

"ताई, माझ्याकडे पाणी नाही."

"माहीत आहे."

तो बनियनवरच, गाठोडं पोटाशी धरून, बाहेर पडला. बापाच्या दुकानातून न धुता परत गेलेलं ते पहिलं गाठोडं. मावशीने स्टूल परसात नेलं, सोडा टाकून घासलं, पुन्हा घासलं. आत आली तेव्हा काउंटरवर समितीचं धुणं येऊन पडलं होतं. तिने नाक दाबलं आणि ते आत घेतलं.